कॅनडा सोडला आणि साखर ठेवली : फ्रान्स येडा होता का?

गलबत :
परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला, इतिहासातला सगळ्यात बावळट सौदा कुठला. एकाने लगेच १७६३ चा पॅरिसचा तह काढला. सात वर्षांचं युद्ध संपलेलं, फ्रान्स हरलेला, इंग्रजांनी १७५९ ला क्वेबेक घेतलेलं, त्याच वर्षी कॅरिबियनमधलं ग्वादलूप बेट पण घेतलेलं आणि १७६२ ला मार्टिनिक. तर तहात फ्रान्सने कॅनडावर पाणी सोडलं आणि ही दोन बेटं मागून घेतली. दोन्ही मिळून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी भरतात. सगळे खो खो हसले. मी एकटा हसलो नाही म्हणून हा धागा.

माझं म्हणणं, १७६३ सालच्या वहीत बसून बघा, सौदा चोख होता. कॅनडात तेव्हा फ्रेंच वस्ती किती तर साठ-सत्तर हजार, आणि तिथून येणारा माल म्हणजे मुख्यतः बीव्हरची कातडी, टोप्या करायला. सहा महिने नदी गोठलेली. आणि इकडे बेटांवर साखर, जी बोर्दो आणि नांतच्या बंदरात उतरायची आणि त्यातली बरीचशी तशीच पुढे हॅम्बुर्ग, अॅम्स्टरडॅमला जायची, म्हणजे फ्रान्सच्या पोटात न जाता गल्ल्यात जायची. इंग्लंडात माणशी साखर १७०० च्या सुमारास वर्षाला ४ पौंड होती ती १८०० पर्यंत १८ पौंडांवर गेली, असं वाढतं गिऱ्हाईक समोर दिसत असताना कोण बर्फ घेईल हो? आपल्याकडे तेव्हा पानिपत होऊन दोन वर्षं झालेली, आणि हे लोक अर्ध्या खंडाची अदलाबदल साखरेच्या भावावर करत होते. मला तरी यात बावळटपणा दिसत नाही. बोला.

तिखटशेव :
गलबतराव, "१७६३ च्या वहीत बसून बघा" हे वाक्य फार सोयीचं आहे. जमीन ती जमीन. कॅनडा आजही आहे. साखरेचं काय झालं? फ्रान्सचा खरा हुकमाचा पत्ता ग्वादलूप नव्हताच, तो होता सॅं-दोमिंग, म्हणजे आजचं हैती. १७८० च्या दशकात युरोपची जवळपास ४० टक्के साखर त्या एका वसाहतीतून यायची. आणि १७९१ च्या ऑगस्टात तिथे गुलामांचा उठाव झाला, १८०४ ला देश स्वतंत्र. म्हणजे तुमच्या चोख सौद्याची सगळी मजा २८ वर्षांत खलास. त्यात तोपर्यंत बर्लिनमध्ये मार्गग्राफ नावाच्या रसायनतज्ज्ञाने १७४७ लाच बीटातून साखर काढून दाखवलेली होती, पुढे नेपोलियनने १८११ ला शेतकऱ्यांना बीट लावायला लावलं. ज्या मालाची मक्तेदारी एक कंदमूळ मोडू शकतं त्याच्यासाठी खंड सोडायचा?

गलबत :
२८ वर्षं खलास म्हणताय, अहो २८ वर्षं पुरला असा आपल्याकडचा एक तरी धंदा दाखवा 😄 आणि मार्गग्राफच्या प्रयोगशाळेतली ती चिमूटभर साखर बघून १७६३ ला कोणी धोरण ठरवलं असतं तर त्यालाच येडा म्हणाला असता तुम्ही.

दुसरं, फक्त फ्रेंचांना नावं ठेवू नका. लंडनमध्येपण १७६० पासून यावर पत्रकबाजी चाललेली, कॅनडा ठेवा की ग्वादलूप ठेवा. बेंजामिन फ्रँकलिनने कॅनडाच्या बाजूने लिहिलं होतं. म्हणजे जिंकणाऱ्यालासुद्धा उत्तर सरळ वाटत नव्हतं.

हिशेबनीस :
मी जरा तिसरंच बोलतो. इंग्रजांनी ग्वादलूप का सोडलं हे कोणीच सांगत नाहीये. जमैका-बार्बाडोसच्या इंग्रज मळेवाल्यांनाच ते नको होतं! इंग्लंडच्या बाजारात परक्या साखरेवर जबर जकात होती, त्यामुळे त्यांना घरचं गिऱ्हाईक बांधलेलं. ग्वादलूप इंग्रजांकडे असताना तिथली साखर लंडनच्या धक्क्यावर उतरायला लागली, ते बेट कायमचं इंग्रज झालं असतं तर भाव कोसळला असता. हे मळेवाले स्वतः लंडनला बंगले बांधून राहायचे, काही जण तर पार्लमेंटात बसायचे. आपल्याकडे साखरवाले आणि राजकारण यांचं नातं कुणाला समजावून सांगायची गरज नाही, हलके घ्या.

आणि भाव फुगवलेला होता म्हणजे पैसा आला कुठून, तर इंग्लंडातल्या चहा पिणाऱ्या माणसाच्या खिशातून. बेटं राखायला आरमार लागायचं त्याचा खर्चही त्याच्याच करातून. मळेवाल्याला नफा झाला, देशाला झाला का हा प्रश्न वेगळा आहे. गलबत साहेब दोन्ही एकच धरून चाललेत.

गलबत :
मळेवाला आणि देश वेगळे, मान्य. पण बोर्दोतला जहाज बांधणारा, दोरखंड वळणारा, साखर शुद्ध करणारा कारखानदार, विमा उतरवणारा, हे सगळे देशच ना? एकट्या साखरेच्या पिंपाला पीपवाला लागतो, लोखंडाची पट्टी लागते. आणि मळेवाल्यांमध्ये तेव्हा म्हणच होती की रम आणि काकवी विकून लागवडीचा सगळा खर्च निघतो, साखर निव्वळ नफा. असा धंदा परत मिळेल का कुठे?

काकवी :
माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून येते.

आमचं पन्हाळ्याकडे गुऱ्हाळ होतं, आजोबा गेल्यावर बंद पडलं. लहानपणी चरकात ऊस घालणाऱ्या माणसाला आजोबा एकच गोष्ट दिवसातून दहादा सांगायचे, हात मागे ठेव. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, एक-दोन दिवस पडला की रस आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रीपण चालू. चुलवाणात चिपाडं ढकलणारा घामाने निथळत असायचा, आणि गुळव्या काहिलीवरून नजर हलवायचा नाही, कारण पाक क्षणभर पुढे गेला की सगळं आधण वाया. हे सगळं आमच्याकडे मजुरी घेऊन आणि पहाटे घरी जाऊन.

तेच काम कॅरिबियनमध्ये. उभे तीन लाटे फिरतायत, झोपेला आलेला माणूस त्यात ऊस सारतोय, आणि शेजारी एक कुऱ्हाड टेकवून ठेवलेली. कशाला? बोटं लाट्यात गेली की माणूस ओढला जायच्या आत हात तोडायला. ही कल्पना नाहीये, त्या काळच्या लोकांनीच लिहून ठेवलंय. पलीकडे तांब्याच्या चार-पाच काहिली ओळीने, मोठीतून लहानीत रस ओगराळ्याने टाकत न्यायचा, अंगावर उडाला की कातडी सोलून निघायची. मग तो रवाळ पाक खाली भोक असलेल्या मातीच्या निमुळत्या भांड्यात भरायचा, वर ओल्या चिकणमातीचा थर, त्यातलं पाणी झिरपत झिरपत काकवी खाली आणते आणि साखर पांढरी होते. फ्रेंच बेटांवर अशी पांढरी केलेली साखर खूप व्हायची. पांढरी होण्याला किती दिवस लागतात हे सगळ्यांना पाठ, करणारा किती दिवस टिकतो हे कुणी विचारत नाही.

तर गलबत दादा, "रम आणि काकवीत खर्च निघतो" म्हणता त्या खर्चात मेलेल्या माणसाच्या जागी नवा आणायचा खर्च धरला होता का? साखरेच्या बेटांवर जन्मापेक्षा मरणं जास्त होती, म्हणून तर आफ्रिकेतून जहाजं येतच राहिली. एकूण सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली, साधारण एक कोटी सात लाख जिवंत उतरली. मधली कुठे गेली ते समुद्राला विचारा. आज जो देश अमेरिका आहे तिथे थेट आफ्रिकेतून जेमतेम चार लाख उतरली, बाकीच्यांतली बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियनला, आणि त्या दोन्हींकडचं मुख्य पीक काय होतं ते या धाग्याच्या नावातच आहे.

तिखटशेव :
काकवीताई +१. लाट्याशेजारच्या कुऱ्हाडीचं मला माहीत नव्हतं, आज चहा घशाखाली उतरणार नाही.

गलबत :
ताई, मुद्दा मनाला लागला आणि मी त्याच्या विरोधात नाहीये. पण मी "चांगलं होतं" असं कुठेच म्हटलं नाही, मी म्हटलं "येडेपणा नव्हता". दरोडेखोर हिशेबात पक्का असू शकतो.

हिशेबनीस :
पक्का कुठे, त्याने एका घरावर सगळं लावलं. सॅं-दोमिंगमध्ये पाच लाखांच्या आसपास गुलाम आणि गोरे तीस-चाळीस हजार, त्यात वरून दर वर्षी जहाज भरभरून नवे आणतायत ज्यांनी आफ्रिकेत लढाया पाहिलेल्या. हा हिशेब कुठल्या पक्क्या माणसाने केला म्हणे? आणि हरल्यावर १८२५ ला याच फ्रान्सने लढाऊ जहाजं समोर उभी करून हैतीकडून १५ कोटी फ्रँक भरपाई लिहून घेतली, मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून. १८३८ ला ती ९ कोटी केली, उपकार केल्यासारखी. गुलामाने स्वतःची किंमत मालकाला भरायची.

मचवा :
मी मासळीवाला माणूस, त्यामुळे मला एक गोष्ट खटकतेय. सगळे म्हणतायत फ्रान्सने कॅनडा पूर्ण सोडला. सोडला नाही! सॅं-पिएर आणि मिकलों ही न्यूफाउंडलंडजवळची दोन खडकाळ बेटं त्याने त्याच तहात हट्टाने घेतली, आजही त्याच्याकडेच आहेत. कशाला? कॉड मासा सुकवायला.

आता याचा साखरेशी काय संबंध, तर ऐका. बेटांवर सगळी जमीन उसाखाली, खायला काय पिकवणार, मग गुलामांना खायला घालायला खारवलेला कॉड. चांगला मासा युरोपला जायचा आणि फुटका, तुटका, नीट न वाळलेला वेस्ट इंडीजला. आमच्याकडे सुकटात कसा चांगला आणि कुटा वेगळा काढतात तसंच. म्हणजे कॅनडातलं जे साखरेच्या कामाचं होतं तेवढं फ्रान्सने ठेवलं आणि बाकी दिलं. मी गलबतच्या बाजूचा आहे असं नाही पण तह करणारा माणूस झोपेत नव्हता एवढं नक्की.

गलबत :
मचवा भाऊ, हे मला धागा काढताना माहीत असतं तर पहिल्या परिच्छेदात टाकलं असतं. एक नंबर.

तिखटशेव :
पण उलटं पण बघा. फ्रेंच कॅनडातून गेले, अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या डोक्यावरची भीती गेली. इंग्लंडवर युद्धाचं कर्ज, ते फेडायला १७६४ चा साखर कायदा, काकवीवर गॅलनमागे तीन पेन्स. आधी १७३३ चा कायदा सहा पेन्सचा होता पण तो कोणी भरायचंच नाही, बॉस्टनवाले फ्रेंच बेटांवरची स्वस्त काकवी चोरून आणून रम गाळायचे. (ती स्वस्त का, तर फ्रान्सने आपल्या ब्रँडीवाल्यांना सांभाळायला बेटांवरच्या रमला घरात येऊ दिलं नाही.) आता तीन पेन्स खरंच वसूल करायला लागले तर बोंबाबोंब. पुढचं १७७६ सगळ्यांना पाठ आहे.

गलबत :
म्हणजे कॅनडा घेऊन इंग्लंडने अमेरिका घालवली. मग येडा कोण, फ्रान्स की इंग्लंड? तुम्ही माझ्याच बाजूने पुरावा देताय 🙂

तिखटशेव :
आणि त्या अमेरिकेला मदत करण्यात फ्रान्सचा खजिना रिकामा झाला, त्यातून १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती, त्यातून १७९१ ची हैती. फिरून तिथेच.

रत्नांग्रीची_सून :
थोडं अवांतर, पण फ्रेंच बेटांचंच. आमच्या आजेसासूबाई पांढऱ्या साखरेला "मोरस" म्हणायच्या. वाण्याकडे चिठ्ठी पाठवताना पण मोरस. मला वाटायचं काहीतरी कोकणी शब्द असेल. तो मॉरिशस निघाला!

तिथे ऊस डचांनी १६३९ ला जावाहून नेला, मग बेट फ्रेंचांकडे आलं, १८१० ला इंग्रजांनी जिंकलं. १८२५ ला मॉरिशसच्या साखरेची इंग्लंडातली जकात वेस्ट इंडीजइतकी कमी केली आणि बेटभर ऊसच ऊस झाला. १८३५ ला तिथली गुलामगिरी संपली, पण भरपाई मिळाली ती मालकांना, सगळ्या वसाहती मिळून २ कोटी पौंड. मजुरांच्या जागी करारावर माणसं आणली, १८३४ पासून सुमारे साडेचार लाख. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासवरून, पण मुंबईवरूनही गेली आणि त्यात आपल्या रत्नागिरीकडची पुष्कळ. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला देशाची सुट्टी असते. म्हणजे इकडून माणसं गेली आणि तिकडून मोरस आली, आणि इथल्या घरांत लोक ती चहात घालत बसले. आमच्या घरातलंही कोणी गेलं होतं का ते आता विचारायला कोणी उरलं नाही.

काकवी :
मोरस! आमच्याकडे साखरेला नुसती साखर, पण गुळाच्या चहाला नाक मुरडणाऱ्याला आजी "मोरशी" म्हणायची. आत्ता कळलं का ते.

हिशेबनीस :
वा, या एका शब्दासाठी धागा वसूल. पण गलबत साहेब, एक राहिलंच. १८०३ ला नेपोलियनने लुईझियाना, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पलीकडचा प्रचंड मुलूख, अमेरिकेला दीड कोटी डॉलरला विकून टाकलं. ते पण साखरेच्याच हिशेबात ना?

गलबत :
हो हो. सॅं-दोमिंग परत घ्यायला १८०१ च्या शेवटी मेहुण्याबरोबर फौज पाठवली, ग्वादलूपमध्ये तर गुलामगिरी परत चालू केली. लुईझियानातून त्या बेटाला धान्य आणि लाकूड पुरवायचं असा बेत होता. सॅं-दोमिंगमध्ये फौज पिवळ्या तापाने आणि तिथल्या लोकांनी संपवली, मेहुणा पण गेला. बेटच राहिलं नाही तर त्याचं कोठार ठेवून काय करायचं.

तिखटशेव :
म्हणजे साखरेपायी फ्रान्सचं अर्ध खंड दुसऱ्यांदा गेलं. आता ऑफिसात डब्याला बसाल तेव्हा त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

गलबत :
त्याला सांगतो, पण तो उद्यापासून रजेवर आहे. मॉरिशसला चाललाय, खोटं नाही सांगत.