व्हॉलीबॉलचं नेट मध्ये झोळ धरतं, ताण टिकत नाही

डिचोलीकर
वाड्यावरच्या मैदानात 3 इंची जीआय पाइपचे खांब आहेत, नेटच्या वरच्या पट्टीत नायलॉनची दोरी. सुरुवातीला मध्ये 2.43 मीटर भरतं, दोन सेट होईपर्यंत 5-6 सें.मी. खाली. जास्त ओढलं की खांब आत झुकतात. नेटवर आदळलेला बॉल उसळत नाही, तिथेच गळून पडतो. दोरी बदलू की खांब?

नेटवाला
आधी दोरी. नायलॉन ताणाखाली लांबत जातं, दवाने ओलं झालं की आणखी. 10 मीटरच्या अंतरात दोरी सरळ रेषेपेक्षा 2 सें.मी. जास्त झाली तरी मध्ये पाव मीटरहून मोठा झोळ पडतो, एवढं हे नाजूक गणित आहे.

प्लास्टिक चढवलेली 4-5 मि.मी.ची स्टील वायर घाला. टोकाला थिंबल (वायरचा फास चेपू नये म्हणून आत बसवायची खाचेची कडी) आणि तीन यू-क्लॅम्प (दुमडलेल्या वायरचे दोन पदर एकत्र आवळणारे). क्लॅम्पचा यू आखूड, मोकळ्या टोकावर यायला हवा. उलटा बसवला तर ताण घेणारी वायरच चिरडते. एका खांबावर हुक, दुसऱ्यावर रॅचेटची विंच (वायर गुंडाळून ताणायची, उलटी न फिरणारी चक्री).

वरची वायर पूर्ण ताणल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका. मग पट्टीचे कोपरे बांधा, शेवटी खालची दोरी. नेट 1 मीटर उंच असतं, तेव्हा खालची दोरी वरच्या वायरपासून 1 मीटरवरच बांधायची. पुष्कळ ठिकाणी ती आणखी खाली बांधून करकचून ओढतात आणि सगळं नेटच खाली खेचलं जातं. तुमच्याकडे हेही तपासा.

डिचोलीकर
खांबांना मागून ताणे दिले तर?

फोंडेकार
भाऊ, ताणे नकोत. खांब वायरने जमिनीला बांधायला नियमातच मनाई आहे, आणि बॉलमागे धावणारा त्यात पाय अडकून पडतो. खांब झुकतो तो बहुधा पाया कच्चा असल्याने. वर चिऱ्याचा कडक थर दिसला म्हणून फूटभर खणून खांब उभा करतात, पावसाळ्यात कडेची माती सुटते. अडीच-तीन फूट खोल, दोन फूट रुंद काँक्रीट हवं. खांब काढायचा असेल तर स्लीव्ह (काँक्रीटमध्ये पुरायची, खांब आत बसवायची नळी) घट्ट मापाची घ्या आणि तळाला खडी टाका, नाहीतर पाणी साचून पाइप तळातून कुजतो. खांब साइडलाइनपासून अर्धा ते 1 मीटर बाहेर.

नेटवाला
बरोबर. उंची आधी मध्ये मोजा, मग दोन्ही साइडलाइनवर. तिथे दोन्हीकडे सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा 2 सें.मी.हून जास्त चालत नाही. बायकांसाठी 2.24 मीटर. रॅचेट फिरवताना वायरच्या रेषेत कोणी उभं राहू नये. खेळ संपला की ताण सोडा. किनाऱ्याजवळच्या मैदानात पट्टीच्या आत वायर गंजते आणि बाहेरून कळत नाही, म्हणून पावसाळ्यानंतर ती पूर्ण बाहेर ओढून बघा; एक जरी तार तुटलेली दिसली तरी वायर बदला.

डिचोलीकर
खालची दोरी हातभर खाली बांधलेली निघाली. ती आज वर घेतो, वायर या आठवड्यात. देव बरें करूं.