मदत हवी आहे : ‘एस्टॅब्लिश’ या क्रियापदाचा नेमका वापर

एका शिक्षणसंस्थेच्या इंग्रजी अहवालाचा मराठी अनुवाद करताना ‘एस्टॅब्लिश’ या क्रियापदापाशी घोडे अडले आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये ‘एस्टॅब्लिश’ झाले, तेथे ‘स्थापन झाले’ पुरेसे आहे. न्यायालयात आरोप ‘एस्टॅब्लिश’ होतो तेव्हा ‘सिद्ध होणे’ म्हणावे लागते, आणि संपर्क तर आपण साधतो. ‘एस्टॅब्लिशमेंट’ या नामरूपाची तऱ्हा आणखी निराळी. 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमात जी ‘संस्था’ होती, तीच 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ‘आस्थापना’ झाली. शिवाय सरकारी कार्यालयातली आस्थापना शाखा म्हणजे नेमणुका, बदल्या आणि रजा पाहणारी शाखा!

माझी खरी अडचण पुढे आहे. अहवालात विश्वस्त मंडळासाठी ‘फाउंडेड’ आणि त्या मंडळाने नंतर काढलेल्या शाळेसाठी ‘एस्टॅब्लिश्ड’ असे जाणीवपूर्वक लिहिलेले दिसते. पहिल्यात मूळ प्रवर्तकावर आणि दुसऱ्यात संस्था रीतसर उभी राहण्यावर भर असतो, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? तसे असल्यास दोन्हीकडे ‘स्थापना’ न लिहिता शाळा ‘सुरू केली’ म्हणणे औपचारिक मजकुरात चालेल का? तसेच ‘वेल-एस्टॅब्लिश्ड’ पद्धतीला ‘प्रस्थापित’ म्हटल्यास मराठीत टीकेचा सूर येतो. ‘रूढ’ किंवा ‘सुस्थिर’ यांपैकी काय योग्य ठरेल? जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे, ही विनंती.