कॅरेक्टरची बॅकस्टोरी तुम्ही खरंच लिहिता का?

गोदाकाठचा_गेमर: बाल्डर्स गेट ३ हा रोल-प्लेइंग गेम घेतला, तीन रात्री झाल्या अजून कॅरेक्टर क्रिएशनमध्येच अडकलोय. बाई ड्वार्फ करतोय (ते बुटके, दणकट, दाढीवाले लोक), फायटर म्हणजे लढवय्यी, आणि डोक्यात आहे की ती आपल्या भांडी बाजारातल्या तांबटाची पोरगी, हातोडा तिच्या हातात लहानपणापासूनचा. बॅकग्राउंड, म्हणजे ती आधी काय करायची ते, कुठलं देऊ?

पंचवटीकर: गिल्ड आर्टिझन, म्हणजे कारागीर, दे ना भाऊ, डोळे झाकून. इनसाइट आणि पर्सुएशन ही कौशल्यं मिळतात, म्हणजे गिऱ्हाईक ओळखायचं आणि भाव पटवायचा, भांडी बाजारात दुसरं काय चालतं 😄 शिवाय बॅकग्राउंडला शोभेल असं वागलं की इन्स्पिरेशन पॉइंट मिळतो, तो खर्चून फसलेला डाइस परत टाकता येतो, चारच पॉइंट साठतात पण, जपून वापर.

मिसळ_आणि_मॅजिक: मी उलटा माणूस. स्कायरिमसारखं आवडतं, २०११ चा गेम, हात बांधून गाडीत बसवलेलं आणि आधी तू कोण होतास ते गेम नीट सांगतच नाही, मग आपण खेळता खेळता ठरवायचं. आधीच चार पानं लिहिली की पहिल्याच गुहेत सगळं फिसकटतं.

गोदाकाठचा_गेमर: आर्टिझन फायनल. आता फक्त दाढी ठेवायची की नाही, तेवढं सांगा.

पंचवटीकर: ठेव की, ड्वार्फ आहे ना ती!