पहिलटकरीण आहे, इंग्लंडमध्ये आहे. बाळंतपण घरी करू का?

माणदेशाची_लेक

नमस्कार. पहिलंच बाळ आहे, ३१वा आठवडा चालू आहे, आणि गेल्या बुधवारपासून झोप लागत नाही म्हणून लिहितेय.

आम्ही तीन वर्षांपासून विल्टशरमधल्या एका लहान गावात राहतो. एक चर्च, एक दुकान, बाकी शेतं. इथे तब्येत ठीक असलेल्या गरोदर बाईला डॉक्टर फारसे बघतच नाहीत, सगळं मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, करते. बुधवारी तिने टेपने पोट मोजलं, ठोके ऐकवले आणि सहज विचारलं, "बाळंतपण कुठे करायचं काही ठरवलंय का? घरी करायचं असेल तर आम्ही दोघी येऊ." मी परत विचारलं, घरी म्हणजे माझ्या घरी? तर हो म्हणाली. एनएचएसकडूनच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, वेगळे पैसे नाहीत.

माझं वय २९. बीपी ठीक, हिमोग्लोबिन ११.४. आपण दक्षिण आशियाई म्हणून इथे ग्लुकोज पाजून साखर तपासतातच, ती २६व्या आठवड्यात नॉर्मल आली. बाळाचं डोकं सध्या खाली आहे. म्हणजे कागदावर मी कमी जोखमीची.

मोह का होतोय तेही सांगते. माझी आजी माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे, सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. यात्रेला गेलं की चांगली मिशीवाली माणसं तिच्या पाया पडायची. तिच्याकडून ऐकलेल्या बाळंतपणाच्या गोष्टींची मला कधी भीती वाटली नाही. आणि दुसरीकडे माझ्या ताईचं बाळंतपण. पुण्यातला एक खासगी दवाखाना. कळा चालू असताना तिला आठ तास उताणं झोपवून ठेवलं, दाजींना बाहेर बसवलं, आणि संध्याकाळी कागद पुढे केला, सही करा, सीझर करायचंय. भाची गोड आहे, सगळं सुखरूप झालं. पण ताई अजून म्हणते, "मला कुणी एकदाही काही विचारलं नाही गं." ते माझ्या डोक्यातून जात नाही.

नवरा सरळ नाही म्हणतोय. हॉस्पिटल अर्ध्या तासावर, रस्ता अरुंद, पुढे ट्रॅक्टर आला तर त्याच्या मागे मागे जायचं. आई १४ तारखेला येतेय, तिला अजून काही बोलले नाही.

कुणी पहिलं बाळंतपण घरी केलंय का? आणि ठरवलं कशावरून?

वैशाली_यॉर्कशर

मी केलं. म्हणजे सुरू घरी केलं, झालं हॉस्पिटलात.

२०१९, पहिला मुलगा. हॉलमध्ये फुगवायचा पूल लावला होता, तो भरायला दीड तास लागला आणि मधेच गरम पाणी संपलं, नवरा पातेल्यांनी पाणी तापवून ओतत होता. पहिले आठ-नऊ तास खरंच सुंदर होते. माझ्याच घरात फिरत होते, माझ्याच बाथरूममध्ये जात होते, मऊ भात खाल्ला. मिडवाइफ कोपऱ्यात बसून दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐकायची, बाकी काही बोलायची नाही. कळ आली की दुखणं कमी करणारा गॅस ओढायचा.

मग गर्भाशयाचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं आणि सगळं अडलं. बाळ खाली होतं पण त्याची पाठ माझ्या पाठीकडे, त्यामुळे कळ सगळी कमरेत. चार तास काहीच पुढे सरकेना. रात्री तीनला मिडवाइफने मांडीवर हात ठेवून सांगितलं, आता जाऊया. ॲम्ब्युलन्स आली, मला आमच्या अरुंद जिन्यावरून उतरवलं, दोन कळा जिन्यातच आल्या. "जाऊया" म्हटल्यापासून तिथल्या खोलीत पोचेपर्यंत ५२ मिनिटं. घाई नव्हती तरी ५२. तिथे एपिड्युरल, म्हणजे दुखणं थांबवायचं पाठीतलं इंजेक्शन, मिळालं, पहाटे व्हॅक्यूम लावून बाळ काढलं. दोघंही ठणठणीत.

पस्तावा नाही. पण एक गोष्ट अजून सलते. पहिलटकरणींपैकी जवळजवळ निम्म्या जणींना असं हलवावं लागतं हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं असं हजारात एखादीचं होतं. जिन्यात मला वाटलं, मी हरले. आधी माहीत असतं तर तसं वाटलं नसतं.

दुसरी मुलगी घरीच झाली, चार तासांत. ते बाळंतपणच वेगळं होतं.

नितीन_के

ताई, नवऱ्याच्या बाजूने एक सांगतो. तो "नाही" म्हणतोय तेव्हा त्याला भलतंच चित्र दिसत असतं. मलाही दिसत होतं: मी एकटा, समोर रक्त, आणि फोन लागत नाही. त्याला पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि मिडवाइफला त्याचे प्रश्न विचारू द्या. मी विचारले तेव्हा कळलं की दोघी मिडवाइफ आल्यावर माझं काम दार उघडणं, चहा करणं आणि हिची कंबर दाबणं एवढंच आहे. आम्ही शेवटी हॉस्पिटलच निवडलं, पण भांडून नाही.

अनुजा_मिडवाइफ

मूळची सांगलीची, इथे नऊ वर्षं मिडवाइफ आहे. घरची बाळंतपणं केली आहेत, लेबर वॉर्डही केलाय. माणदेशी, तुला "तू"च म्हणते.

वैशाली म्हणते तो आकडा इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासातला आहे. एप्रिल २००८ ते एप्रिल २०१० मधल्या ६४,००० हून जास्त कमी जोखमीच्या बायकांची नोंद त्यात होती आणि तो २०११ साली छापून आला. घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना बाळंतपणात किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात हलवावं लागलं. आधी एक-दोन मुलं झालेल्यांमध्ये हाच आकडा १२ टक्के. बहुतेकींना हलवतात ते वैशालीसारखंच: कळा आहेत पण पुढे सरकत नाही, किंवा दुखणं सहन होत नाही आणि एपिड्युरल हवं असतं. एपिड्युरल घरी देता येत नाही.

आता बाळाचं. पहिल्या बाळंतपणात बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण डॉक्टरांच्या वॉर्डात हजारी साधारण ५, आणि घरी ठरवलेल्यांत हजारी ९. यात बाळ दगावणं येतं, मेंदूला इजा येते, पोटात शी करून ती फुप्फुसात जाणं येतं आणि खांद्याचं हाड मोडणंही येतं. म्हणजे नऊच्या नऊ बाळं गेली असा अर्थ नाही. पण फरक खरा आहे आणि तो तुझ्यापासून लपवणं मला पटत नाही. दुसऱ्या बाळंतपणापासून पुढे असा फरक दिसला नाही. म्हणून "घरी करू का" याचं माझं उत्तर पहिलटकरणीला एक असतं आणि दुसरटकरणीला दुसरं.

उलट्या बाजूने, डॉक्टरांच्या वॉर्डात सीझर, चिमटा, टाके यांचं प्रमाण जास्त निघालं. तुझ्या ताईबाबत जे झालं त्याची भीती तू उगाच घेतलेली नाहीस.

पण तू विचारतेस घर की हॉस्पिटल, आणि मधली एक जागा आहे ती कुणी सांगितली का? बऱ्याच हॉस्पिटलांच्या आवारात, कधी लेबर वॉर्डाच्या शेजारच्याच दारामागे, मिडवाइफ चालवतात असं वेगळं युनिट असतं. पूल, मंद दिवे, जमिनीवर गाद्या, फिरायला जागा, नवरा रात्रभर सोबत. डॉक्टर आत येत नाहीत, बोलावल्याशिवाय. पहिलटकरणींना तिथूनही पुष्कळदा वॉर्डात हलवतात, दहातल्या चौघींना, पण ते हलवणं म्हणजे एक कॉरिडॉर असतो, ॲम्ब्युलन्स नाही. आणि बाळाच्या बाबतीत वरचा ५ आणि ९ चा फरक त्या युनिटांत दिसला नाही.

तरीही घरीच वाटलं तर ते तुझं घर आहे, तुझा हक्क आहे, तुला कुणी जबरदस्ती करू शकत नाही. आमच्या बॅगेत बाळाला श्वास द्यायचा मास्क असतो, रक्तस्रावासाठी इंजेक्शनं असतात, सलाइन असतं. रक्त नसतं, शस्त्रक्रियेची खोली नसते. तुझ्या मिडवाइफला एवढं नक्की विचार की रात्री दोघी मोकळ्या नसल्या तर काय. माणसं कमी पडली की घरच्या बाळंतपणाची सोय त्या रात्रीपुरती बंद होते, हे मी स्वतः पाहिलंय, कळा देणाऱ्या बाईला फोनवर "निघून या" सांगताना माझाच आवाज फुटला होता.

आणि एक विचार कर. तुला घर हवंय की घरात जे मिळेल असं वाटतं ते हवंय?

मेघना_पुणे

मी पुण्यात आहे, २०वा आठवडा. हे वाचून इथे घरी करायचा विचार मनात आला. इथे होईल का असं?

अनुजा_मिडवाइफ

मेघना, वरचे आकडे पुण्याला लावू नकोस. ते आकडे दोन प्रशिक्षित मिडवाइफ, त्यांच्या मागे हॉस्पिटल आणि बोलावली की येणारी ॲम्ब्युलन्स, या सगळ्या साखळीचे आहेत. भारतात मिडवाइफ तयार करायची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ ला आली, पण अशी घरापर्यंत पोचणारी साखळी तुझ्या दारात नाही. त्यापेक्षा जवळच्या दवाखान्यांत जाऊन विचार: कळांमध्ये उठू-फिरू देता का, नवऱ्याला आत घेता का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. २०व्या आठवड्यात तेवढा वेळ आहे तुझ्याकडे.

नंदा_सिस्टर

मी निवृत्त एएनएम, म्हणजे आरोग्य केंद्रातली नर्स. शेवटची १२ वर्षं नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या डोंगरात काढली. मुलीने हा धागा दाखवला, तिच्याकडूनच टाइप करून घेते.

आमच्याकडे बायका घरी बाळंत व्हायच्या ते रस्ता नाही म्हणून. बांबूला झोळी बांधून चार माणसं बाईला उतरवून आणायची, मग जीप. पुढे माहेरघर सुरू झालं, दिवस भरत आले की बाई आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायची, सोबत तिचं माणूस, जेवण तिथेच. काही जणी यायच्या नाहीत, घरी शेळ्या कोण बघणार, मोठं पोर कोण बघणार. त्यांचं चुकत होतं असं मला कधी म्हणता आलं नाही.

बाळाविषयी अनुजाने सांगितलं, मी आईविषयी सांगते. बाळ बाहेर आलं की सगळे बाळाकडे बघतात. मी वार पडेपर्यंत आणि पडल्यावर दोन तास बाईकडेच बघायचे. पोटावर हात ठेवला की गर्भाशय नारळासारखं टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं की समजायचं, रक्त जाणार. अर्धा लिटरच्या वर गेलं की तो रक्तस्राव, आणि डोळ्यांना ते नेहमी कमीच वाटतं, कपड्यात मुरतं, गादीत मुरतं. मी एकदा एका पोरीला जीपमध्ये मांडीवर घेऊन दोन तास पोट दाबत आणली आहे. वाचली. दोन तासांत मी एक शब्द बोलले नव्हते.

बाळा, तुझ्याकडे तशी इंजेक्शनं आहेत, शिकलेल्या बायका आहेत, हिमोग्लोबिन चांगलं आहे. माझ्या पोरींकडे यातलं काही नव्हतं. म्हणून मी तुला घाबरवत नाही. फक्त रस्ता स्वतः मोज. दिवसा नको, रात्री मोज.

माणदेशाची_लेक

सगळ्यांचे आभार. अकरा दिवसांनी लिहितेय, मधे बरंच झालं.

आईला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "तुझी आजी पहिलटकरणीच्या घरी गेली की आधी विचारायची, गाडी कुणाची आहे. बैल गोठ्यात आहेत का ते बघून मगच उंबऱ्याच्या आत यायची. दिवस मावळला आणि मूल खाली सरकलं नाही तर थांबायची नाही, दहिवडीला घेऊन चला म्हणायची. दुसरं-तिसरं असलं तर मात्र आरामात पान लावत बसायची." हे मला आजीने कधीच सांगितलं नव्हतं. मला ती सगळी गोड बाळंतपणं तेवढी सांगायची.

अनुजाताई, तुमच्या प्रश्नावर दोन रात्री विचार केला. मला घर नको होतं. ताईला मिळालं नाही ते हवं होतं: उठून फिरता येणं, नवरा जवळ असणं, आणि काही करायच्या आधी कुणीतरी मला विचारणं. आम्ही तिघांनी मिडवाइफशी व्हिडिओवर बोलून घेतलं, आई साताऱ्याहून. नवऱ्याने नऊ प्रश्न कागदावर लिहून आणले होते. ते मिडवाइफचं युनिट आमच्या हॉस्पिटलातच आहे, लेबर वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर. बघून आलो. खोलीत मोठी खिडकी आहे आणि दोरीला लटकायला कापड बांधलेलं आहे, आमच्या वाड्यात आढ्याला लुगडं बांधायचे तसं. ते बघून मला रडू आलं.

तर तिथे जायचं ठरलं. कळा सुरू झाल्या की शक्य तेवढा वेळ घरीच, मऊ भात, गरम पाणी, आईचा हात, आणि फोनवर मिडवाइफ. बाळंतपणाच्या प्लॅनमध्ये पहिल्या ओळीत लिहिलंय की मला विचारल्याशिवाय काही करू नका. युनिटमध्ये दोन माणसं सोबत येऊ शकतात, त्यामुळे आई आणि नवरा दोघंही आत.

वैशालीताई, वॉर्डात हलवावं लागलं तरी हरले म्हणायचं नाही, हे ताईलाही फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

नंदाताई, काल रात्री पावणेदोनला उठून आम्ही रस्ता मोजला. २७ मिनिटं. एका वळणावर हरीण आडवं उभं होतं, तेवढं थांबावं लागलं.