'बेचिराख' गाव जळालेलेच असते का?

तापीकाठ (शहादा): इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या मध्ययुगीन गावावरील लेखाचा अनुवाद करीत आहे. मेंढ्यांच्या कुरणांपायी ते गाव सन १५०० च्या सुमारास उठले आणि १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे तेथे उत्खनन चालले. मी त्याला 'बेचिराख गाव' म्हटले, तर संपादकांनी 'आगीचा उल्लेख मूळ लेखात नाही' असा शेरा मारला. आमच्याकडे वस्ती नसलेल्या गावापुढे तलाठी हाच शब्द लिहीत असत आणि तेथे कोणी काडी लावलेली नव्हती.

जुनी मोडी (धुळे): आपले बरोबर आहे. मूळ फारसी 'बे-चिराग', म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे. 'ग'चा 'ख' झाला आणि लोकांना त्यात राख दिसू लागली. मात्र 'शत्रूने शहर बेचिराख केले' हे वाचत वाढलेल्या वाचकाला आज जाळपोळच आठवणार.

शुद्धमती: मग फारसीचा हट्ट कशाला? 'ओसाड' हा शब्द काय वाईट आहे?

गिरणेकर (चाळीसगाव): ओसाड म्हटले की शेतही पडीक वाटते. बेचिराख गावाला शीव असते, गट नंबर असतात, शेजारचे लोक तिथली काळी, म्हणजे शेतजमीन, कसत असतात. दिवा विझतो तो फक्त पांढरीतला, म्हणजे घरे असलेल्या जागेतला. आमचे आजोबा घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, टाकायला अशाच एका पांढरीतून माती आणत, तेव्हा तीत खापरे आणि बांगड्यांचे तुकडे निघत. ही पांढर पांडवांची, असे ते सांगत.

जुनी मोडी: पांडवांना कशाला ओढता? पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंती यांनीच ती माती पांढुरकी होते.

तापीकाठ: व्हॅरम पर्सीच्या शेतांतल्या उंचसखल पट्ट्यांना मी 'सरी-वरंबा' लिहिले आहे; संपादकांना तेही पटलेले नाही.

गिरणेकर: येथे मात्र मी संपादकांच्या बाजूने आहे. आमच्या सरीत पाटाचे पाणी सोडतात. त्यांचे पट्टे कित्येक मीटर रुंद असतात. दरवर्षी नांगराने माती मधोमध पालटत गेल्याने ते उंचावले आणि जादा पाणी मधल्या खोलगटातून निचरून जाई. 'नांगरवरंबे' म्हणावे.

शुद्धमती: फारसी चालते, मग सरीवरच एवढी सक्ती का? आमच्या शेतात पावसाळ्यात सरीतूनच पाणी बाहेर काढतात.