विषय: मूर्तीच्या पेटीतील पेंढा

प्रेषक: चिटणीस
सप्रेम नमस्कार. न्हावाशेव्याहून निघालेली आपली पेटी मंगळवारी मेलबर्नच्या गोदामात उतरली. परंतु मुंबईच्या कारखान्याने फायबरच्या मूर्तीभोवती भाताचा पेंढा भरल्यामुळे जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी ती अडवली आहे. आपल्या खर्चाने प्रक्रिया करून घेणे, परत पाठवणे किंवा नष्ट करणे, एवढेच मार्ग एजंटने कळवले आहेत. गोदामाचे भाडे रोज चढत असल्याने उद्यापर्यंत निर्णय हवा.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष
पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरे आहेत; पैसे देण्यापूर्वी मी स्वतः छायाचित्र मागवून ते पाहिले होते. मग हरकत कसली? मागच्या मूर्तीच्या वेळी असे काहीही झाले नव्हते.

प्रेषक: सभासद, जिलाँग
अण्णा, तो शिक्का फक्त लाकडापुरता असतो. लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर सलग 30 मिनिटे तापवला, एवढेच तो सांगतो. आत काय भरले आहे त्याची हमी तो देत नाही. पॅकिंग डिक्लेरेशनमध्ये पेंढा, गवत, भुसा अशा निषिद्ध भरावाविषयी स्वतंत्र प्रश्न असतो, त्यापुढे ‘नाही’ असे कोणी लिहिले? माझ्या सासूबाईंनी रुखवतातली बोळकी गवतात गुंडाळून पाठवली होती. बोळकी मिळाली, पण त्या गवतापायी त्यांच्या किमतीहून अधिक खर्च आला.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष
ते पत्रक कारखान्याने भरले, मी नव्हे. उलट मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र मी आग्रहाने मागवले, म्हणूनच 29 डिसेंबर 2022 पासून लागू असलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया कराराखाली 5 टक्के आयातशुल्क वाचते आहे, याची नोंद घ्यावी.

प्रेषक: चिटणीस
नोंद घेतली. तथापि मालाची किंमत 1000 डॉलरच्या वर असल्याने संपूर्ण आयात घोषणापत्र भरावेच लागेल, आणि 10 टक्के जीएसटी मालाच्या किमतीसह जहाजभाडे व विमा धरून द्यावाच लागेल. बोळक्यांचा विषय कोजागरीला बोलू. मूर्ती परत पाठवण्यापेक्षा पेंढा काढून नष्ट करण्याची परवानगी मागावी, असे एजंटला आजच लिहितो. मात्र अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून पेटी कोणीही उघडू नये, विशेषतः शनिवारी गोदामात जाण्याची तयारी दाखवणाऱ्या ढोलपथकाने.

प्रेषक: विद्यमान कोषाध्यक्ष
अनामत रक्कम कोणत्या खात्यातून द्यायची? गणेशोत्सवाच्या खात्यावर सही अजून अण्णांचीच आहे.