गच्चीवरची वांगी कोणी तोडली?

मृणाल (३०२): गच्चीवरच्या कुंड्यांतली लाल दोरा बांधलेली वांगी कोणीतरी नेली. दोऱ्याच्या चिठ्ठ्या तिथेच फेकल्यात. नाव कोणाचंच घेत नाही, पण उरलेल्यांना हात लावू नका, प्लीज.

नाना (२०४): गच्ची सगळ्यांची आहे. माझ्या छतात पाणी मुरतंय, ते आधी बघा.

माई (१०१): अगं, दोन वांग्यांसाठी एवढं? बाजारातून आणून देते हवं तर.

मृणाल: माई, बाजारातलं चालत नाही हो. मी बियांसाठी दोन वाणांचा संकर करतेय. संध्याकाळी उमलायच्या बेतातली कळी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावून पुन्हा पिशवी, नाहीतर मधमाशी भलतेच पराग आणते. चिठ्ठीवर आई-बाप झाडं आणि तारीख. वांगी तोडली तेव्हा हिरवीच होती. बी धरायला फळ पिवळं पडेपर्यंत झाडावर राहायला लागतं. ही जोडी गेली.

भूषण (४०१): अंतरपाट धरून लग्न लावलं आणि वऱ्हाडाने नवरीच खाल्ली 😂

मृणाल: भूषणदादा, हसू नका ना.

नाना: पुन्हा सांगतो. छत. पाणी मुरतंय.

सुरेखाताई (३०३): नाना, ते तुमच्याच टाकीच्या पाइपातून. मागच्या मीटिंगला प्लंबरने दाखवलं होतं.

नाना: प्लंबर कोणाचा माणूस होता, सगळ्यांना माहीत आहे.

माई: ते बीटी वांगं तर नव्हतं ना? आमच्याकडे लहान मुलं आहेत.

सुरेखाताई: माई, खाल्लंच नाही तर मुलांची काळजी कशाला?

माई: मी फक्त विचारलं. विचारायचंही नाही का?

मृणाल: नव्हतं माई. बीटी म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं. बीटी वांग्याला केंद्राने फेब्रुवारी २०१० मध्येच स्थगिती दिली. असं रोप परवानगीशिवाय शेतातही लावता येत नाही, गच्ची तर सोडाच. हा साधा संकर आहे, आपलं भरताचं हिरवं वांगं आणि कमी अळी लागणारं दुसरं वाण.

आप्पा (१०३): काय भो, भरताच्या वांग्यात भेसळ? २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याला. आपल्या जळगावकडच्या बामणोदचं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलं, कळण्याची भाकरी. चव बिघडवू नका.

मृणाल: आप्पा, चव राखण्यासाठीच तर सगळं चाललंय. पहिल्या संकरानंतर पुन्हा पुन्हा भरताच्याच वांग्याशी जोडायचं. दर पिढीला परका वाटा निम्मा होतो. शेवटी अळी सोसायचा गुण तेवढा उरला पाहिजे.

भूषण: ३०२ मधल्या तुम्ही तिघी एकाच लॅबमधल्या ना? सगळ्या वांग्यावरच?

मृणाल: नाही. प्रिया केळीवर. आपल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३, म्हणून बी धरत नाही. टिश्यूकल्चरची, म्हणजे लॅबमध्ये एकाच झाडापासून वाढवलेली रोपं सगळी सारखी, त्यामुळे सीएमव्ही हा विषाणू आला की सगळ्याच झाडांना सारखाच धोका, मावा तो बागभर पसरवतो. शबाना देशी कपाशीवर.

आप्पा: कपाशीवालीला विचार, २०१७ ला बीटी असून बोंडं किडली कशी?

शबाना (३०२): आप्पा, २००२ ला एका जनुकाचं बीटी आलं, २००६ ला दोन जनुकांचं. कडेने बिगर-बीटी ओळी लावायच्या होत्या. तिथले बीटीला न सरावलेले अळीचे पतंग सरावलेल्यांशी जुळले असते, तर अळी इतक्या लवकर सरावली नसती. त्या ओळी फार थोड्यांनी लावल्या.

आप्पा: बिगर-बीटी ओळी अळीच्या तोंडी द्यायच्या, नुकसान कोण भरून देणार होतं?

शबाना: ते खरंय आप्पा. भरपाईचं कोणी बोललंच नाही.

नाना: छत. पाणी. कोणी बोलणार का?

सचिव (२०१): कुंड्यांना परवानगी मीच दिली होती, कारण लॅबच्या शेडनेटमध्ये जागा नव्हती. पूर्वेचा कोपरा ३०२ चा, कुंड्यांखाली ट्रे ठेवा. कुरडया-पापड पश्चिमेला. पाइप सोमवारी दुसऱ्या प्लंबरला दाखवतो. नाना, घरी थांबा.

आप्पा: मृणाल, मळ्यातलं घरचं बी देतो. नवीन जोडी लाव.

मृणाल: येते आप्पा! पण एकाच झाडाचं हवं, फुलाला पिशवी घालून धरलेलं. मिसळलेलं नको.

आप्पा: मग पिशव्या घेऊन तूच ये शेतात.

नाना: दुसरा प्लंबर कोणाच्या ओळखीचा?